तरतमभाव कोठे असतो? : स्पॅनिश व मराठी तुलनारचनांचा विचार, पांढरकवड्याच्या बोलीच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

शालेय मराठी व्याकरणात विशेषणाच्या तीन अवस्था सांगण्याचा परिपाठ आहे. ‘मोठा’ ही पहिली, ‘अधिक मोठा’ ही दुसरी आणि ‘सर्वांत मोठा’ ही तिसरी. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो, परीक्षेत लिहितो, आणि मराठी विशेषण तीन पायऱ्यांनी चढत जाते अशी त्याची समजूत कायमची होऊन बसते. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमात एखादी युरोपीय भाषा शिकण्याची वेळ आली म्हणजे हाच तक्ता तो त्या भाषेवर बसवू पाहतो. स्पॅनिशसारख्या भाषेत तो बराचसा बसतोही; त्यामुळे तक्ता मराठीलाही लागू असलाच पाहिजे, असा उलटा निष्कर्ष निघतो.

प्रस्तुत लेखात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. तुलनेचा अर्थ प्रत्येक भाषेला व्यक्त करता येतो याविषयी वाद नाही. वाद आहे तो हा, की वाक्यातील कोणत्या घटकावर भाषा हा अर्थ सोपविते. तरतमभाव विशेषणात असतो, की विशेषणाबाहेर? या प्रश्नाचे उत्तर स्पॅनिश एक देते आणि मराठी दुसरे देते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. पांढरकवड्याच्या परिसरातील बोलींचा दाखला घेतला आहे तो केवळ स्थानिक कुतूहलापोटी नव्हे. ज्या गावाच्या बाजारात वऱ्हाडी, तेलुगु, गोंडी, कोलामी, बंजारा आणि हिंदी एकमेकींशेजारी नांदतात, तेथे तुलनेची रचना कशी चालते हे पाहिले म्हणजे पुस्तकी तक्त्याचे परकेपण स्पष्ट दिसू लागते.

२. लॅटिनकडून स्पॅनिशकडे

लॅटिन भाषेत तरतमभाव विशेषणाच्या अंगी होता. ‘आल्तुस’ म्हणजे उंच, ‘आल्तिओर’ म्हणजे अधिक उंच, ‘आल्तिस्सिमुस’ म्हणजे अत्यंत उंच. ज्याच्याशी तुलना करावयाची ते नाम ‘क्वाम’ या अव्ययाने जोडीत, किंवा नुसत्या अपादान विभक्तीत ठेवीत. लोकभाषेच्या प्रवाहात हे प्रत्यय गळून पडले व त्यांची जागा स्वतंत्र शब्दांनी घेतली. फ्रेंच आणि इटालियन या भाषांनी ‘प्लुस’ हा शब्द उचलला. स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलान व रूमानियन यांनी ‘मागिस’ हा उचलला. स्पॅनिशमधील ‘मास’ हा त्या ‘मागिस’चाच वंशज होय.

आंतोनिओ दे नेब्रिखा या पंडिताने १४९२ साली कास्तिल्यन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. आधुनिक युरोपीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. नेब्रिखा हा लॅटिनचा अध्यापक होता आणि त्याच्या ग्रंथाची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवरच आहे. असे असूनही तुलनेच्या प्रकरणी त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली. कास्तिल्यनमध्ये प्रत्ययसिद्ध तरवाचक शब्द ‘मेखोर’ (अधिक चांगला), ‘पेओर’ (अधिक वाईट), ‘मायोर’ (अधिक मोठा), ‘मेनोर’ (अधिक लहान) असे मोजकेच आहेत. तमवाचक तर ‘पहिला’ व ‘शेवटचा’ या अर्थाच्या शब्दांखेरीज नाहीतच. बाकी सर्व काम वळसा घालून, अन्य शब्दांच्या साह्याने होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. लॅटिनच्या चौकटीत लिहीत असताना ती चौकट आपल्या भाषेला कोठे लागू नाही हे सांगण्याचे धैर्य त्याने दाखविले. व्याकरणकाराचा विवेक म्हणतात तो हाच.

आपल्याकडे नेमका याचा अभाव झाला असे म्हणणे भाग आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या व्याकरणावर लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, हे सर्वपरिचित आहे. आद्य प्रयत्न म्हणून त्याचे महत्त्व वादातीत असले, तरी इंग्रजी व्याकरणाचे साचे मराठी शाळेत रुजण्याची परंपरा त्याच काळापासून सुरू झाली. इंग्रजीत विशेषणाला तीन अवस्था आहेत, तेव्हा मराठीतही त्या असावयास हव्यात, या अपेक्षेतूनच वरचा तक्ता जन्मास आला असावा. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने पूर्वसूरींची कसून झडती घेतली, परंतु शाळेच्या वर्गात जे पाठ करविले जाते त्यावर शास्त्रीय चिकित्सेचा परिणाम नेहमीच उशिरा व अर्धवट होतो.

३. स्पॅनिश रचनेची अंगे

स्पॅनिशमधील सामान्य तुलनारचना तीन घटकांनी बनते : विशेषणापूर्वी ‘मास’ (अधिक) किंवा ‘मेनोस’ (कमी), नंतर विशेषण, आणि नंतर ‘के’ हे अव्यय. ‘मि एर्मानो एस मास आल्तो के यो’ म्हणजे ‘माझा भाऊ माझ्याहून उंच आहे’. यातील ‘मास’ काढून टाकला तर वाक्य कोसळते. शिवाय ‘के’नंतर ‘यो’ हे कर्तृरूप आले आहे. उपमानाला कोणतीही विभक्ती लागलेली नाही. म्हणजे येथे तुलनेचा भार विशेषणाच्या बाजूला आहे, उपमान मोकळे आहे.

समानतेसाठी विशेषणाबरोबर ‘तान … कोमो’ व नामाबरोबर ‘तान्तो … कोमो’ योजतात. ‘तान्तो’ हा नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. मराठीत ‘इतका’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि दोन्ही ठिकाणी विकार पावतो : ‘तुझ्याइतकी उंच मुलगी’, ‘तुझ्याइतके पैसे’.

स्पॅनिशचे खरे मर्म ‘के’च्या अपवादांत आहे. उपमान संख्या असेल तर ‘के’ जाऊन ‘दे’ येतो : ‘मास दे बेइन्ते’ म्हणजे ‘विसांहून अधिक’. उपमान वाक्य असेल तरीही ‘दे’ येतो : ‘एस मास इन्तेलिखेन्ते दे लो के पारेसे’, म्हणजे ‘दिसतो त्याहून तो हुशार आहे’. नकारात या दोहोंचा अर्थभेद चांगलाच उठून दिसतो. ‘नो तेन्गो मास के दिएस’ म्हणजे माझ्याजवळ दहाच आहेत. ‘नो तेन्गो मास दे दिएस’ म्हणजे दहांहून अधिक नाहीत, कदाचित कमीही असतील. इंग्रजीच्या द्वारे स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी येथे हटकून अडखळतो, कारण इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच अव्यय आहे. मराठी विद्यार्थ्याने अडखळण्याचे मात्र कारण नाही. ‘दे’ हा मूळचा अपादानवाचक शब्द, म्हणजे आपला ‘ऊन-हून’. ‘दे लो के पारेसे’ याची घडण ‘जे दिसते त्याहून’ अशी शब्दशः लावता येते. ज्या कोपऱ्यात स्पॅनिशने अपादानाचा जुना मार्ग राखून ठेवला, तो मराठीचा राजमार्ग आहे.

तमभावासाठी स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द नाही. ‘मास आल्तो’ यालाच निश्चयवाचक उपपद लावले की काम होते : ‘एल मास आल्तो दे ला क्लासे’, म्हणजे ‘वर्गातला सर्वांत उंच’. उपपद हाच येथे तम प्रत्यय. ‘मि एर्मानो मायोर’ या प्रयोगात थोरला की सर्वांत थोरला हे केवळ संदर्भावरून कळते. जेथे उपपद लावता येत नाही, म्हणजे क्रियाविशेषणाच्या ठिकाणी, तेथे संबंधी वाक्याचा आश्रय घ्यावा लागतो : ‘एल के मास कोर्रे’, म्हणजे ‘जो सर्वांत जास्त धावतो तो’. सारांश, तर आणि तम अशा दोन पायऱ्या स्पॅनिशमध्येही विशेषणाच्या रूपात उरलेल्या नाहीत. एकच पायरी उरली आहे, आणि तीही ‘मास’ या शब्दात.

४. संस्कृतकडून मराठीकडे

संस्कृतातही तरतमभाव विशेषणाच्या अंगी होता. पाणिनीने पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (सूत्रे ५५ व ५७) ‘तमप्’, ‘इष्ठन्’ आणि ‘तरप्’, ‘ईयसुन्’ हे प्रत्यय सांगितले. प्राकृतांच्या अवस्थेत हे प्रत्यय क्षीण होत गेले व आधुनिक आर्यभाषांत जिवंत प्रत्यय म्हणून उरले नाहीत. येथवर लॅटिन व संस्कृत यांचे दैव सारखेच. पुढे मात्र वाटा फुटतात. लॅटिनच्या कन्यांनी गेलेल्या प्रत्ययाच्या जागी विशेषणाजवळच नवा शब्द बसविला. मराठीने त्या जागी काहीच बसविले नाही. विशेषण उघडेच राहिले आणि तुलनेचा सगळा भार उपमानाच्या विभक्तीने उचलला. ‘तो माझ्याहून उंच आहे’ या वाक्यातील ‘उंच’ आणि ‘तो उंच आहे’ यातील ‘उंच’ यांत रूपाचा काडीचाही भेद नाही.

यावर अशी शंका निघेल की, विशेषण जर तेच असेल तर ‘अधिक’ हा अर्थ येतो कोठून? उत्तर असे, की तो अपादानातून येतो. ‘हून’ हा आरंभबिंदू दाखवितो. गुणाचे मोजमाप शून्यापासून न होता त्या बिंदूपासून होते. म्हणूनच ‘हा बैल त्या बैलाहून मोठा आहे, पण मोठा नव्हे’ असे म्हटले तर त्यात विसंगती नाही. पहिला ‘मोठा’ त्या बैलापासून मोजलेला, दुसरा लोकांच्या सामान्य मापाने मोजलेला. ‘तो माझ्याहून दोन बोटे उंच आहे’ या वाक्यात तर मोजमाप प्रत्यक्षच आले आहे, आणि तरीही ‘अधिक’ची गरज नाही. स्पॅनिश माणूस हेच ‘दोस देदोस मास आल्तो के यो’ असे म्हणेल. दोन बोटे दोहोंकडे आहेत. ‘मास’ फक्त त्याच्याकडे आहे.

लिओन स्टासेन यांनी १९८५ साली जगातील अनेक भाषांच्या तुलनारचनांचे वर्गीकरण केले. त्यात उपमानाला ‘पासून’ या अर्थाची खूण लावणाऱ्या भाषांचा एक वर्ग आहे, आणि उपमान खास अव्ययाने जोडणाऱ्या भाषांचा दुसरा. मराठी पहिल्या वर्गात पडते, स्पॅनिश दुसऱ्यात. हा भेद उणेअधिकपणाचा नाही, रचनेचा आहे. शाळेचा तक्ता मात्र दुसऱ्या वर्गाची खूण पहिल्या वर्गातील भाषेच्या गळ्यात बांधतो.

५. निर्धारण आणि विभाग

पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील दोन लागोपाठ सूत्रे (४१ व ४२) या विषयात अत्यंत उपयुक्त आहेत. समुदायातून त्याचाच एक घटक निवडून काढणे याला निर्धारण म्हणतात. तेथे षष्ठी किंवा सप्तमी होते. परंतु ज्याच्याशी तुलना करावयाची ते जर मुळातच वेगळे असेल, तर तेथे पंचमी होते. म्हणजे तर आणि तम यांतील खरा भेद विशेषणाच्या पायरीत नसून उपमानाशी असलेल्या नात्यात आहे : उपमेय समुदायाच्या आत आहे की बाहेर?

मराठीने हा भेद जसाच्या तसा राखला आहे. ‘वर्गातल्या मुलांत तो उंच’, ‘दोघांतला मोठा कोण?’, ‘सर्वांत उंच’ ही निर्धारणाची सप्तमी. ‘इतर सर्वांहून उंच’ ही विभागाची पंचमी. ‘सर्वांहून उंच’ असे नुसते लिहिले तर काटेकोर विचाराने तो स्वतःहूनही उंच ठरतो. ‘इतर’ हा शब्द तेथे हवा. स्पॅनिशमध्येही नेमका हाच भेद आहे. ‘एल मास आल्तो दे ला क्लासे’ यातील ‘दे’ समुदायदर्शक आहे, आणि ‘मास आल्तो के तोदोस लोस देमास’ यातील ‘लोस देमास’ म्हणजे आपले ‘इतर’. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषा एकाच तार्किक गरजेपुढे सारख्याच वागल्या, आणि ती गरज भारतीय व्याकरणाने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी दोन सूत्रांत मांडून ठेवली होती. तीन अवस्थांच्या तक्त्यात या भेदाला जागाच नाही.

याचा व्यावहारिक परिणाम आजच्या वृत्तपत्रीय भाषेत दिसतो. ‘देशातील सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक’ अशी वाक्ये इंग्रजीवरून सर्रास लिहिली जातात. स्पॅनिशला ‘उनो दे लोस मास ग्रान्देस’ असे सहज म्हणता येते, कारण तेथे तमभाव उपपदावर उभा आहे आणि उपपदाला अनेकवचन आहे. मराठीत ‘सर्वांत’ या सप्तमीने एकदा निर्धारण झाल्यावर ‘पैकी’ने पुन्हा निर्धारण करणे म्हणजे निवडलेल्यातून परत निवडणे होय. ‘मोठमोठ्या धरणांपैकी एक’ असे म्हटले की अर्थ पुरता येतो व भाषाही सुखावते. त्याच वृत्तपत्रांत ‘सर्वांत’ऐवजी अनुस्वार गाळून ‘सर्वात’ असे छापलेले आढळते. अनुस्वार हा येथे अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे; तो गेला की समुदायच गेला, आणि समुदायावाचून निर्धारण कशाचे करावयाचे? लेखनाची ही चूक क्षुल्लक वाटते. परंतु ‘सर्वांत’ हा शब्द म्हणजे एक विभक्त्यंत रूप आहे याचा विसर पडून तो ‘तम’ प्रत्ययाचा मराठी पर्याय मानला जाऊ लागला, याची ती साक्ष आहे.

६. अतिशयाची रूपे

स्पॅनिशमध्ये ‘ईसिमो’ हा एक प्रत्यय आहे : ‘आल्तीसिमो’ म्हणजे अतिशय उंच, ‘रिकीसिमो’ म्हणजे अतिशय श्रीमंत किंवा अतिशय रुचकर. तो वंशपरंपरेने आलेला नाही. लॅटिन व इटालियन विद्येच्या प्रभावाने तो पंडितांनी भाषेत आणला आणि सोळाव्या शतकापासून फैलावला. नेब्रिखाच्या व्याकरणात त्याला स्थान नसण्याचे कारण हेच. ‘पोब्रे’ (गरीब) पासून होणारे ‘पाउपेर्रिमो’ यासारखी रूपे आजही विद्वत्तेचा वास घेऊनच येतात. महत्त्वाची गोष्ट ही, की या प्रत्ययाने तुलना होत नाही. ‘आल्तीसिमो’नंतर ‘के’ घालता येत नाही. तो अतिशय दाखवितो, श्रेष्ठता दाखवीत नाही.

मराठीतही अतिशय आणि तुलना ही दोन स्वतंत्र दालने आहेत. हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, लालभडक, पिवळाधमक. ‘मोठ्ठा’ यातील व्यंजनाचे द्वित्व. ‘उंचच उंच’ ही द्विरुक्ती. ही सर्व अतिशयाची साधने होत. ‘त्या शेताहून हे शेत हिरवे’ असे मराठी माणूस म्हणतो. ‘त्या शेताहून हे हिरवेगार’ असे म्हणत नाही. या दालनात मराठीची समृद्धी स्पॅनिशहून निश्चितच मोठी आहे, कारण प्रत्येक रंगाला त्याचा स्वतंत्र सोबती शब्द आहे व तो अदलाबदल करू देत नाही. शाळेचा तक्ता या समृद्धीविषयी अवाक्षर काढीत नाही, कारण इंग्रजी तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

७. पांढरकवड्याची साक्ष

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे. नागपूर–हैदराबाद मार्गावर वसलेल्या या गावाच्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे आदिलाबादचा प्रदेश आहे; तो २०१४ पासून तेलंगणात मोडतो. १९०५ पर्यंत या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. त्याच १९०५ साली ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड प्रसिद्ध झाला व त्यात वऱ्हाडीची नोंद झाली. तालुक्यात गोंड व कोलाम वस्ती मोठी आहे. कोलामीवरील एम. बी. एमेनो यांचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ साली प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध आला. भिन्न कुळांच्या भाषा दीर्घ सहवासाने एकमेकींसारख्या होतात, हा त्या निबंधाचा गाभा होय.

तुलनारचना हे अशा सारखेपणाचे उत्तम उदाहरण आहे. द्राविड कुलात विशेषणाला तर-तमवाचक प्रत्यय नाहीत. तुलना वाक्यरचनेने, उपमानाला खूण लावून होते. मराठी, हिंदी, बंगाली या आर्यभाषांनी आपले प्रत्यय टाकले आणि त्याच मार्गाने त्या चालू लागल्या. हा द्राविडांचा प्रभावच होय असे ठासून म्हणण्याचे कारण नाही, कारण अपादानाचा प्रयोग संस्कृतातही होता. परंतु शेजारच्या कोणत्याही भाषेत विशेषणाला खूण लावण्याची पद्धत नसताना मराठीनेही ती नव्याने स्वीकारली नाही, एवढे निश्चित. पांढरकवड्याच्या बाजारात तेलुगु बोलणारा व मराठी बोलणारा दोन बैलांची तुलना करतात तेव्हा दोघांचीही वाक्ये एकाच सांगाड्यावर उभी असतात.

या सांगाड्याच्या आतही एक विलक्षण साम्य आहे. मराठी ‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’ या शब्दापासून आला, आणि ‘अपेक्षे’च्या मुळाशी ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘रामापेक्षा’ म्हणजे रामाकडे पाहून, रामाच्या मानाने. तेलुगुतील तुलनावाचक ‘कंटे’ व ‘कन्ना’ या रूपांचा संबंध ‘कनु’ म्हणजे पाहणे या धातूशी जोडतात. बंगालीतील ‘चेये’ हाही ‘चाओया’ म्हणजे पाहणे या क्रियेचेच धातुसाधित आहे. तीन भाषांनी तीन वेगळ्या धातूंतून एकच कल्पना घडविली : तुलना म्हणजे एकाकडे पाहून दुसऱ्याविषयी बोलणे. लॅटिनच्या कन्यांत ‘अधिक’ या राशीची कल्पना प्रधान झाली. आपल्याकडे दृष्टीची आणि अंतराची कल्पना प्रधान राहिली.

आता वऱ्हाडीतील ‘परीस’ किंवा ‘परस’ या शब्दाकडे वळू. ‘त्याच्यापरीस मोठा’, ‘माह्यापरीस लहान’ असे प्रयोग या भागात स्वाभाविक आहेत. शाळेत आलेल्या मुलाने असे लिहिले तर ते ‘पेक्षा’चे भ्रष्ट रूप समजून तांबड्या शाईने खोडण्याची प्रवृत्ती आहे, आणि खोडताना जोडीला ‘अधिक’ही घालण्यात येतो. वस्तुतः ‘परीस’ हा ‘पेक्षा’चा अपभ्रंश नव्हे. तो जुन्या मराठीत वापरात असलेला स्वतंत्र शब्द आहे, मोल्सवर्थच्या कोशाने त्याची नोंद घेतली आहे, आणि वऱ्हाडाबाहेरही ग्रामीण मराठीत तो ऐकू येतो. मुलाने लिहिलेले वाक्य बोलीचे असले तरी मराठी रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. दुरुस्तीनंतर जे वाक्य तयार होते ते मात्र रचनेने निम्मे परकीय आहे. कोलामी वा गोंडी घरातून आलेल्या मुलाचे नुकसान आणखी मोठे. त्याच्या मातृभाषेत आणि मराठीत या ठिकाणी सांगाडा समान असल्यामुळे मराठी तुलनारचना त्याला अनायासे साधली असती. तक्ता मध्ये घातल्यामुळे सोपी गोष्ट अवघड होते, आणि ती अवघड वाटण्याचा दोष त्या मुलाच्या माथी बसतो.

८. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा येईल, की ‘हे मत त्या मतापेक्षा अधिक ग्राह्य आहे’ अशी वाक्ये मान्यवर लेखक लिहितात. तेव्हा ‘अधिक’ परका कसा? तो परका आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ‘ग्राह्य’, ‘उपयुक्त’ यांसारख्या विशेषणांत चढउताराची जाणीव मंद असते. तेथे ‘अधिक’ तिला उठाव देतो. उपमान अध्याहृत असेल तेथेही तो लागतो : ‘अधिक उंच शिडी आणा’. संख्येच्या बाबतीत तर तो अपरिहार्य आहे : ‘विसांहून अधिक’. परंतु या सर्व ठिकाणी ‘अधिक’ हा ‘फार’, ‘जरा’, ‘थोडा’ यांच्या पंक्तीतील क्रियाविशेषण आहे. गरजेनुसार येतो, गरज नसेल तर येत नाही. जो शब्द बहुतेक ठिकाणी गाळता येतो तो व्याकरणिक अवस्थेची खूण होऊ शकत नाही. स्पॅनिश ‘मास’ गाळता येत नाही, हाच दोहोंतील भेद.

दुसरा आक्षेप ‘उच्चतर’, ‘प्रियतम’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ या शब्दांचा. हे शब्द मराठीत आहेत, पण अवस्था म्हणून नव्हे. ‘ज्येष्ठ’ हा मूळचा तमवाचक. तरी ‘त्याच्याहून ज्येष्ठ’, ‘सर्वांत ज्येष्ठ’ असे आपण म्हणतो, म्हणजे तो आपल्याला साध्या विशेषणासारखाच वाटतो. ‘बेहतर’ हा फारसीतील तरवाचक शब्द मराठीत आला तो नुसत्या पसंतीच्या अर्थाने. स्पॅनिशमध्येही ‘ओप्तिमो’, ‘मिनिमो’ हे लॅटिन तमवाचक शब्द साध्या विशेषणांप्रमाणे वापरले जातात, आणि ‘सुपेरिओर’नंतर ‘के’ न येता ‘आ’ हे अव्यय येते. उसना शब्द आपले व्याकरण बरोबर आणीत नाही. ज्या घरी येतो त्या घराचे नियम पाळतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. तक्ता सोपा आहे, शिकविण्यास सोयीचा आहे, त्याने कोणाचे काय बिघडले? बिघडले ते असे. ‘कमी उंच’ असा प्रयोग मराठीत या तक्त्याच्या वाटेने येतो. स्पॅनिशमध्ये ‘मेनोस आल्तो’ चालते. मराठी माणूस ‘त्याच्याइतका उंच नाही’ असे म्हणतो. ‘जितके वाचावे तितके कळते’ या वाक्यात दोन ‘अधिक’ घुसतात ते याच वाटेने. एक चुकीचे प्रकरण व्याकरणात शिरले की ते वाक्यरचनेत उतरते, आणि कालांतराने तेच प्रमाण ठरून मूळ रचनाच अशुद्ध मानली जाते.

९. निष्कर्ष

मराठी व्याकरणात ‘विशेषणाच्या अवस्था’ हे प्रकरण नसावे. तुलनेचा विचार विभक्तीच्या व शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात व्हावा : पंचमीचा तुलनार्थ, सप्तमीचे निर्धारण, ‘पेक्षा’, ‘परीस’, ‘इतका’, ‘सारखा’, ‘पैकी’ यांचे प्रयोग, आणि स्वतंत्रपणे अतिशयाची साधने. बोलीतील शब्द तेथे अपवाद म्हणून न येता पर्याय म्हणून यावेत. स्पॅनिश किंवा पोर्तुगीज शिकविताना इंग्रजी तक्त्याचा आधार न घेता ‘हून’ व ‘आत’ या भेदापासून आरंभ करावा. ‘के’ आणि ‘दे’ यांचा विवेक मराठी विद्यार्थ्यास त्यामुळे लवकर साधेल.

रोममध्ये १७७८ साली पोर्तुगीज भाषेत एक मराठी व्याकरण छापले गेले. निजामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांत जी मराठी ‘अ माइश वुल्गार’, म्हणजे सर्वांत रूढ, तिचे हे व्याकरण, असे त्याच्या मुखपृष्ठावरील नावातच म्हटले आहे. पोर्तुगीज लेखकाला हा तमभाव उपपद व ‘माइश’ यांच्या साह्याने व्यक्त करावा लागला, आणि त्याच्या भाषेला ते शोभून दिसले. मराठीला हे म्हणावयाचे झाले तर तिला केवळ एक सप्तमी पुरते. परक्याने आपली भाषा आपल्या चौकटीत पाहिली, यात त्याचा दोष नाही. त्याला दुसरी चौकट उपलब्ध नव्हती. आपल्याला ती उपलब्ध आहे, पाणिनीच्या सूत्रांतही आणि केळापूर तालुक्यातील शाळकरी मुलाच्या वहीतही. तिचा उपयोग करावयाचा की नाही, हा निर्णय मात्र व्याकरण लिहिणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यांनीच घ्यावयाचा आहे.